रंग नवा, गाडी जुनी : जुना मालट्रक घेण्याआधी काय पाहावे?

(रेडिओवरील शेती कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय बियाण्याचा नाही, खताचा नाही आणि फवारणीचाही नाही. आजचा विषय आहे चार चाकांचा. सोयाबीन निघून बाजार समितीत गेले आहे, तूर अजून शेतात उभी आहे, पहिल्या वेच्याचा कापूस घरात आला आहे. म्हणजे हातात थोडा पैसा खेळण्याचे हे दिवस. आणि पैसा हातात आला की रस्त्याच्या कडेला उभी असलेली प्रत्येक वस्तू माणसाला हाक मारते.

मंगरूळपीर तालुक्यातल्या दोन भावांचे पत्र आले होते. नाव-गाव सांगत नाही. पत्रात लिहिले होते, "शेलूबाजारच्या रस्त्यावर एक जुना बोनेटवाला ट्रक विकायला उभा आहे. मालकाने सगळा नव्याने बांधून काढला आहे. मागे सागवानी फळ्यांचा हौदा, बाजूला लोखंडी खुंट. साडेचार लाख म्हणतो. आमचे सोयाबीनचे पैसे आले आहेत. एक मन म्हणते विहीर खोल करावी, एक मन म्हणते गाडी घ्यावी. भाड्याच्या गाडीची वाट पाहून जीव विटला. काय करावे?"

माझी उमर गॅरेजात गेली. हात काळे करूनच संसार केला. त्यामुळे पत्राला उत्तर न लिहिता मीच त्यांच्याबरोबर गाडी पाहायला गेलो. तिथे जे पाहिले, जे विचारले, तेच आज आपल्याला सांगतो. कारण असा ट्रक एकच नाही. आज एका गावात उभा आहे, उद्या दुसऱ्या गावात उभा राहील.

गाडी देखणी होती, हे आधी सांगितले पाहिजे

गाडी साठच्या दशकातली. पुढे लांब नाक, गोल दिवे, दाराला बाहेरून कडी. निळा रंग असा चकचकीत की तोंड पाहून घ्यावे. मागच्या हौद्याला पत्र्याच्या भिंती नव्हत्या. आपण बंडीला उभाऱ्या लावतो, तसे दोन्ही बाजूंना खुंट उभे आणि त्यांच्यात आडव्या फळ्या बसवलेल्या. फळ्या काढल्या की गाडी सपाट, लावल्या की हौदा. कडबा असो, कापूस असो, बैलजोडी असो, सोयीची रचना.

आपल्या भागाला रेल्वे दुरूनच गेली. मूर्तिजापूर-कारंजा-यवतमाळ ही अरुंद रुळांची शकुंतला कारंजापर्यंत आली, पण मंगरूळपीरचा माल बंडीवर आणि मोटारीवरच गेला. त्यामुळे असा ट्रक पाहिला की म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांपुढे जिनिंगच्या फाटकापुढची रांग उभी राहते. १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, तेव्हाच्या रांगा ज्यांनी पाहिल्या, त्यांना मी काय सांगतो ते कळेल.

त्या काळच्या गाड्यांची थोडी माहिती असलेली बरी. टाटांनी जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीशी १९५४ साली करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनू लागले. तो करार १९६९ साली संपला. त्यानंतरच्या गाड्यांच्या नाकावर तीन टोकांची चांदणी राहिली नाही. मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कारखान्यात डॉज आणि फार्गो नावाचे ट्रक तयार होत. मद्रासकडे लेलँड होते, कलकत्त्याकडे बेडफर्ड. यातल्या काहींचे सुटे भाग आजही मिळतात, काहींचा साधा बुशसुद्धा लेथवर करून घ्यावा लागतो. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा की या गाडीचे किंगपिन, क्लचप्लेट आणि ब्रेकचे सिलिंडर अकोल्याच्या दुकानात मिळतात का? दुकानदाराला जाऊन विचारा, विकणाऱ्याला नको.

आम्ही पाहिलेली गाडी कोणत्या कंपनीची होती, ते मी सांगत नाही. पन्नास-साठ वर्षांनंतर जे गुणदोष दिसतात ते गाडीच्या वापराचे असतात.

मालक लबाड नव्हता

मालकाने चहा पाजला. म्हणाला, "काकाजी, हे गाडी माह्या बापानं चालवली. याच गाडीवर आमी शिकलो, बहिनीचं लगन झालं. गोठ्याच्या मागं सडत होती, पायवलं नाई. दोन वर्सं लावून उभी केली. आता पैशाची नड आली, म्हून विकतो."

बंधूंनो, हे मुद्दाम सांगतो. जुनी गाडी विकणारा प्रत्येक माणूस फसवणारा नसतो. या माणसाने खरोखर जीव लावून गाडी सजवली होती. पण जीव लावून सजवलेली गाडी आणि कामाला लागणारी गाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण पैसे कोणत्या गोष्टीचे देतो आहोत, हे इसार देण्याआधी ठरले पाहिजे. आजच्या बोलण्याचे सार एवढेच आहे. बाकीचे सगळे ते कसे ठरवावे, याविषयी.

हातोडी, चुंबक आणि पेन्सिल

जुनी गाडी पाहायला जाताना खिशात तीन वस्तू ठेवा. लहान हातोडी, फडक्यात गुंडाळलेले चुंबक आणि पेन्सिल-कागद.

चुंबक पत्र्यावरून फिरवा. जिथे ते धरत नाही, तिथे रंगाखाली पुट्टी आहे. दरवाज्याच्या खालच्या कडेला थोडी पुट्टी असली तर बिघडत नाही. पण केबिनच्या तळाला, जिथे केबिन चासीवर टेकते तिथे पुट्टी असेल, तर आतला पत्रा गेला असे समजा.

हातोडीने चासीच्या दोन्ही लांब पट्ट्यांवर हळूहळू ठोकत जा. चांगले लोखंड घंटेसारखे वाजते. गंजलेले बद्द वाजते. केबिनच्या मागे आणि मागच्या पाट्यांच्या कानाजवळ जास्त वेळ घ्या, कारण ओझ्याने चासी तडकते ती बहुधा तिथेच. आमच्या गाडीच्या डाव्या पट्टीवर केबिनच्या मागे वेल्डिंग सापडले. वरून काळा रंग मारला होता. मालकाला विचारले तर त्याने लपवले नाही. "हो, तडा होता, जोडून घेतला," म्हणाला. जोड चांगला असू शकतो. पण नुसता वेल्डिंगचा जोड आणि आतून जाड पट्टी देऊन केलेला जोड यांत फरक आहे. रिकाम्या गाडीला दोन्ही सारखेच. चाळीस क्विंटल माल घेऊन नाल्याच्या उतारावर गाडी वाकडी झाली की फरक कळतो, आणि तेव्हा कळून उपयोग नसतो.

पेन्सिल कशाला? चासीवर ठोकलेल्या नंबरावर कागद धरा आणि पेन्सिल घासा. नंबराची छाप कागदावर उमटेल. ती नोंदणी पुस्तकातल्या नंबराशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. नंबराच्या जागी घासल्याच्या खुणा असतील, पुट्टी असेल किंवा तेवढाच तुकडा वेगळा जोडलेला असेल, तर चहा प्या, रामराम करा आणि घरी या. त्या गाडीची किंमत कितीही कमी सांगितली, तरी ती महाग आहे.

इंजिन थंड असताना जा

सकाळी न सांगता जावे. इंजिनाला हात लावून पाहावा. आधीच गरम असेल तर समजावे की थंडीत सुरू व्हायला ते त्रास देते, म्हणून मालकाने आधी चालवून ठेवले.

सुरू केल्यावर धूर पाहा. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जाळते, पिस्टन-लायनर झिजले. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही, नोझल किंवा पंपाचे काम आहे. पांढरा धूर थंडीत थोडा वेळ चालतो, पण गरम झाल्यावरही राहिला तर पाणी आत जात असण्याची शक्यता धरा. तेल मोजायची सळई काढून पाहा. तेल ताकासारखे पांढुरके दिसले, तर तेलात पाणी आहे.

ब्रेकचे पेडल पूर्ण जोराने दाबा आणि मिनिटभर तसेच धरा. हळूहळू खाली बसत गेले तर गळती आहे. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत चारही चाकांचा ब्रेक एकाच सिलिंडरवर असे. एक नळी फुटली की चारही चाके मोकळी. म्हणून ब्रेकच्या नळ्या नव्या आहेत की जुन्यांवरच रंग दिला आहे, ते गाडीखाली झोपून पाहा. कपडे मळतील, मळू द्या.

टायरवर शेवटी चार आकडे असतात. समजा ३२१९ असे असेल, तर तो टायर २०१९ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यातला. नक्षी खोल दिसली तरी उन्हात उभ्या गाडीचे रबर तडकते. आणि नुसती रिकामी चक्कर मारून समाधान मानू नका. निम्मा माल भरून, चढावर, दुसऱ्या गिअरवर चालवून पाहा. गिअर उडतो का, क्लच घसरतो का, पाणी उकळते का, हे ओझ्याखालीच कळते.

एक गोष्ट आपल्या मालासाठी खास. कापूस आणि सोयाबीनचे कुटार हा पेटणारा माल आहे. लाकडी हौद्याखालून सायलेन्सर कसा गेला आहे ते पाहा. जुन्या गाडीतली वायर कापडाच्या वेष्टनाची असते, फ्यूज नावालाच असतो. वायरिंग नवे करून घ्या, प्रत्येक दिव्याच्या ओळीला फ्यूज टाका आणि बॅटरीचा संबंध तोडणारा एक खटका हाताशी बसवा. काम थोडक्या पैशांत होते, आणि रस्त्यात कापूस पेटला तर तोच खटका पहिला हाताशी येतो.

सागवान सुंदर, पण त्यालाही वजन असते

आता त्या सागवानी हौद्याकडे येऊ. नोंदणी पुस्तकात दोन वजने लिहिलेली असतात. एक रिकाम्या गाडीचे, दुसरे माल भरलेल्या गाडीचे. दुसऱ्यातून पहिले वजा केले की आपल्याला किती माल नेता येईल ते मिळते. या गाडीच्या पुस्तकात भरलेले वजन ८,२०० किलो आणि रिकामे ३,७०० किलो होते. म्हणजे ४,५०० किलो माल. साठ किलोचे ७५ कट्टे.

मी म्हटले, चला धर्मकाट्यावर. गाडी रिकामीच काट्यावर चढवली. वजन भरले ४,२४० किलो. सागाच्या जाड फळ्या, लोखंडी खुंट, नवे बंपर, यांनी ५४० किलो खाल्ले होते. आता माल नेता येईल फक्त ३,९६० किलो, म्हणजे ६६ कट्टे. नऊ कट्टे दर खेपेला घरीच राहणार. धाकटा भाऊ म्हणाला, "नऊ कट्ट्यांनं काय होते, टाकून देऊ वरून." तर मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा मालाचा दंड २०,००० रुपये, आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये असा लिहिला आहे. नऊ कट्ट्यांपायी तेवढे सोयाबीन विकावे लागेल. आणि जोड दिलेली चासी काही दंडाची पावती पाहून तुटत नाही, ती तिच्या वेळेने तुटते.

कागदाची तपासणी : इथेच खरा घोळ

पुस्तक उघडले आणि खरी गोष्ट तिथे निघाली. पुस्तकात इंधन "पेट्रोल" लिहिले होते. बोनेटखाली होते डिझेल इंजिन, दुसऱ्याच गाडीचे, दुसऱ्याच नंबराचे. मालकाच्या वडिलांनी कधीतरी बदलून घेतले होते. त्या काळी हे सर्रास चाले. पण इंजिन किंवा इंधन बदलले, तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परिवहन कार्यालयाची मंजुरी आणि पुस्तकात नोंद लागते. ती नव्हती. नोंद नसलेल्या इंजिनाच्या गाडीचा अपघात झाला, तर विमा कंपनी पहिला बोट तिथेच ठेवते.

दुसरे, पासिंग. मालवाहू गाडीला योग्यतेचे प्रमाणपत्र लागते. आठ वर्षांहून जुन्या गाडीला ते दरवर्षी घ्यावे लागते. या गाडीचे शेवटचे पासिंग संपून अकरा वर्षे झाली होती. मालक म्हणाला, "होऊन जाईन पासिंग, काई नाई त्यात." बंधूंनो, "होऊन जाईन" हा शब्द जुन्या गाडीच्या व्यवहारातला सर्वांत महाग शब्द आहे. होत असेल तर विकणाऱ्याने करून द्यावे, मग आपण पैसे द्यावे. पंधरा वर्षांपुढच्या गाड्यांच्या तपासणीची फी गेल्या काही वर्षांत पुष्कळ वाढली आहे. आणि तपासणीत गाडी नापास झाली तर ती रस्त्यावर आणता येत नाही. भंगाराचे जे नवे धोरण २०२१ साली आले, त्याचा रोख अशाच गाड्यांवर आहे.

तिसरे, कर. गाडी गोठ्यामागे अकरा वर्षे उभी होती, हे खरे. पण ती वापरात नाही असे कार्यालयाला त्या वेळी कळवले नसेल, तर कर साचत राहतो. जुन्या गाडीचा पर्यावरण कर वेगळा. आणि थकबाकी जुन्या मालकाच्या घरी राहत नाही, ती गाडीच्या मागोमाग आपल्या दारात येते.

चौथे, गाडीचा नंबर. १ जुलै १९८९ पासून आपल्या राज्यात "एमएच" आणि जिल्ह्याचा आकडा अशी पद्धत आली. त्याआधीच्या गाड्यांवर "एम"ने सुरू होणारी तीन अक्षरे असत. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. आज वाशीमचा आकडा ३७, अकोल्याचा ३०. म्हणून आपल्या भागातल्या इतक्या जुन्या गाडीची नोंद बहुधा दुसऱ्याच जिल्ह्याच्या जुन्या वहीत असते. ती संगणकावर चढली आहे का, हे आधी पाहा. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर नंबर टाकला की दिसते. घरातल्या शिकत्या मुलाला सांगा, दोन मिनिटांचे काम आहे. दिसत नसेल तर मूळ कार्यालयात खेपा घालाव्या लागतील, आणि त्या खेपा विकणाऱ्याने घालाव्यात.

कोणी म्हणेल, "गाडी सरकारी लिलावातली आहे, कागद पक्के आहेत." तर लक्षात ठेवा, १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी गाड्यांच्या नोंदणीचे नूतनीकरण बंद झाले आहे. त्या भंगारातच जायच्या आहेत. अशी गाडी रंग देऊन कोणी विकत असेल, तर दोन पावले मागे सरा.

"व्हिंटेज आहे साहेब"

बोलता बोलता मालकाचा मुलगा म्हणाला, "पासिंग नाई झालं तं व्हिंटेजमधी टाका. पन्नास वर्सांवरची हाये." हे हल्ली पुष्कळ ऐकू येते, म्हणून नीट समजून घ्या.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. नव्याने अशी नोंदणी करायची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. पण त्यात दोन अटी आहेत. गाडी मूळ स्वरूपात पाहिजे, तिच्यात मोठे फेरबदल झालेले नकोत. आणि अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या कामासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शनाला न्या, जुन्या गाड्यांच्या रॅलीला न्या, डिझेल भरायला आणि दुरुस्तीला न्या. सोयाबीन न्यायला नाही.

शिवाय हे नियम हौसेच्या, घरगुती गाड्यांसाठी आहेत. मालट्रकला तशी नोंदणी मिळाली आहे असे कोणी म्हणाले, तर तोंडी ऐकू नका, कागद पाहा. आणि गंमत पाहा. इंजिन बदलले, चासी जोडली, हौदा नवा केला, म्हणजे गाडी कामाला लावायची तयारी केली. तेवढ्यानेच ती "मूळ स्वरूपाची" राहिली नाही. कामाची म्हणावी तर पासिंग नाही, हौसेची म्हणावी तर फेरबदल झालेले. साडेचार लाख अशा मधल्या जागी अडकतात.

वर्षाचा हिशेब

मग आम्ही बाजेवर बसून हिशेब मांडला. आकडे आपापल्या गावचे घ्या, रीत हीच ठेवा.

दोन भावांच्या वर्षाला २४ खेपा. भाड्याच्या गाडीला खेपेमागे ३,५०० रुपये धरले, तर ८४,००० रुपये.

स्वतःची गाडी असेल तर : विमा २८,०००, कर आणि पासिंग १५,०००, टायर-दुरुस्ती ३०,०००. हे झाले ७३,०००, गाडी हलो न हलो. शिवाय जाऊन-येऊन ८० किलोमीटरच्या खेपेला, लिटरला ५ किलोमीटर धरले तर १६ लिटर डिझेल. ९० रुपयांनी १,४४० रुपये. चालकाचे ७००. म्हणजे खेपेला २,१४०, आणि २४ खेपांना ५१,३६०. एकूण १,२४,३६० रुपये. भाड्यापेक्षा चाळीस हजार जास्त, आणि साडेचार लाख अडकले ते वेगळेच.

मोठा भाऊ हुशार. म्हणाला, "काकाजी, किती खेपा झाल्या तं बरोबरी होईन?" एका खेपेला वाचतात १,३६० रुपये. ७३,००० भरून निघायला ५४ खेपा लागतात. म्हणजे घरच्या २४ आणि बाहेरच्या ३०. बाहेरच्या खेपा करायच्या म्हणजे शेतीबरोबर वाहतुकीचा धंदा करायचा. करायला हरकत नाही. पण मग तो धंदा समजून करावा आणि त्याला आजारी गाडी घेऊ नये.

परवान्याचेही पाहावे लागते. भरलेले वजन ३,००० किलोपेक्षा जास्त असले की मालवाहतुकीचा परवाना लागतो. हलक्या मोटारीच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्के केले. ही गाडी ८,२०० किलोची. म्हणजे धाकट्या भावाचे लायसन्स तिला पुरत नाही.

आणखी एक विनंती, हात जोडून. मालट्रक माणसांसाठी नाही. पोहरादेवीची यात्रा असो, बिरबलनाथ महाराजांची यात्रा असो की लग्नाचे वऱ्हाड असो, हौद्यात माणसे भरू नका. फळ्यांच्या हौद्याला माणसाने टेकायचे नसते. आणि मालगाडीत फुकट बसवून नेलेल्या माणसाच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. अपघात झाला तर ती शेत विकून द्यावी लागते.

विकणाऱ्यालाही दोन शब्द

गाडी विकली, पैसे मिळाले, म्हणून विकणारा सुटला असे नाही. नमुना २९ आणि नमुना ३० वर सह्या होऊन नाव बदलत नाही, तोवर नोंदणीत ज्याचे नाव, तोच मालक. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हेच सांगितले आहे. नव्या मालकाने वाटेत कोणाला उडवले, तर भरपाईची नोटीस जुन्या मालकाच्या दारी येते. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कार्यालयाला कळवले पाहिजे. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. गाडीवर कधी कर्ज असेल तर नमुना ३५ देऊन बँकेचा बोजा उतरवावा. कर्ज फिटले असेल, पण पुस्तकातला बोजा उतरला नसेल, असे फार वेळा असते.

शेवटी काय झाले

दोघा भावांनी इसार दिला नाही. मी मालकाला सांगितले, "भाऊ, गाडी वाईट नाही. पण इंजिनाची नोंद करा, चासीचा जोड जाणत्या माणसाकडून पट्टी देऊन पक्का करा, वाढलेल्या वजनाची नोंद घ्या, पासिंग करून आणा. मग तुमची गाडी कामाची होईल, आणि किंमतही धाकाने नव्हे, हक्काने मागता येईल. नाहीतर हौसेने घेणारा शोधा आणि त्याला खरे सांगून विका." तो माणूस बराच वेळ गाडीच्या नाकावर हात ठेवून उभा होता. म्हणाला, "बापाची हाये म्हून वाटलं, कोनी तरी चालवावं." मला त्याचे वाईट वाटले. पण वाईट वाटले म्हणून दुसऱ्याच्या विहिरीचे पैसे त्यात घालायला मी कसा सांगू?

भावांनी विहिरीचे काम काढले आहे. आणि शेजारच्या चार कास्तकारांशी बोलून पुढच्या हंगामात पाच जणांनी मिळून एकच गाडी भाड्याने ठरवायची, असे घाटत आहे. पाचांचा माल एका दिवशी हर्रासीला गेला, तर भाडेही कमी पडेल आणि वाट पाहणेही. गाडी अजून तिथेच उभी आहे. रस्त्याने जाताना मुले तिच्याकडे पाहतात.

जाता जाता थोडक्यात, भिंतीवर लावून ठेवा :

१. आधी ठरवा : हौस की काम? दोन्ही एका गाडीत शोधू नका.
२. चासी नंबराची पेन्सिलने छाप घ्या, पुस्तकाशी ताडा.
३. इंजिन नंबर आणि इंधन पुस्तकाप्रमाणेच आहे का, पाहा.
४. रिकामी गाडी धर्मकाट्यावर चढवा.
५. थंड इंजिन, निम्मा माल आणि एक चढ. याशिवाय गाडी पसंत करू नका.
६. पासिंग, कर, विमा, बोजा : आधी कागद, मग इसार.
७. वर्षाच्या खेपा मोजा. खेपा कमी असतील तर भाडेच स्वस्त.

रंगाचे पैसे एकदा जातात, चासीचे दर हंगामात जातात. म्हणून पाहताना वरून पाहू नका, खाली वाकून पाहा.